पेशींनाही कळतं कडक-मऊ!

पेशीला डोळे नाहीत, बोटं नाहीत. तरी पायाखालची जमीन कडक की मऊ हे तिला बरोब्बर कळतं! २००० साली यू-ली वांग आणि सहकाऱ्यांनी एक बाजू मऊ, दुसरी कडक असा जेल बनवून त्यावर पेशी सोडल्या. मऊ बाजूच्या पेशी सीमा ओलांडून सरळ कडक बाजूला गेल्या. कडक बाजूच्या मात्र सीमेपाशी येऊन चक्क माघारी फिरल्या. याला म्हणतात ड्युरोटॅक्सिस.

कसं कळतं? पेशी इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी जमीन धरते आणि आतल्या अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या दोऱ्यांनी ओढून बघते. जमीन कडक असेल तर पकड घट्ट होते, मऊ असेल तर ती नुसतीच ताणली जाते. थोडक्यात, चिखलात पाय रोवता येत नाही!

२००६ साली एंग्लर आणि डिशर यांनी तर दाखवलं, की मूळपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशींसारख्या होऊ लागतात आणि स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूंसारख्या.

आता माझा मुद्दा. प्रयोगशाळेतली नेहमीची प्लास्टिकची डिश मेंदूपेक्षा लाखो पटींनी कडक असते. कित्येक औषधांची पहिली चाचणी मात्र तिच्यावरच! आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणाऱ्याला कोणी सोडत नाही. इथे तर प्रश्न पेशंटच्या जिवाचा आहे. डिश स्वस्त आणि सोयीची आहे, मान्य. पण कर्करोगाच्या पेशी कुठे सरकतील हे तपासताना तरी जमीन शरीरासारखी हवी. २०२२ मध्ये तर मेंदूच्या कर्करोगाच्या काही पेशी उलट मऊ बाजूला जाताना दिसल्या. नुसत्या प्लास्टिकवर हे कधी कळलं असतं का?

तुम्हाला काय वाटतं?