रूट कॅनालनंतर दातावर कॅप बसवायलाच हवी का?

प्रश्न : मी ४१ वर्षांची गृहिणी असून इंदूरला राहते. दोन महिन्यांपूर्वी खालच्या दाढेचं रूट कॅनाल करून घेतलं. ठणका पूर्ण थांबला आहे. डॉक्टरांनी कॅप बसवायला सांगितलं होतं, पण त्याच सुमारास मुलाच्या कोचिंगची फी भरावी लागली आणि ते राहून गेलं. आता दुखतच नाही म्हटल्यावर घरचे म्हणतात, कॅप म्हणजे पैसे काढायचा प्रकार. खरंच तिची गरज आहे का?

उत्तर : तुमच्या बाबतीत दात दाढेचा आहे, त्यामुळे बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असंच येतं. दुखणं थांबलं याचा अर्थ आतला संसर्ग काढला गेला. पण दाढ पूर्वीइतकी मजबूत झाली, असा त्याचा अर्थ नाही.

रूट कॅनालची वेळ येते तेव्हा किडीनं दाताचा बराच भाग आधीच खाल्लेला असतो. त्यात मुळांपर्यंत पोहोचण्यासाठी डॉक्टरांना दाताला वरून भोक पाडावं लागतं. म्हणजे आत पोकळी आणि बाजूला पातळ भिंती, अशी दाढेची अवस्था होते. त्यात सिमेंट भरलं तरी भिंती पातळच राहतात. चावण्याचा सगळ्यात जास्त जोर दाढांवरच येतो. एखादा फुटाणा, सुपारीचं खांड किंवा डाळीतला बारीक खडा दाताखाली आला, की भिंतीला तडा जाऊ शकतो. कॅप दाढेला चहूबाजूंनी धरून ठेवते, त्यामुळे जोर एका भिंतीवर न येता सगळीकडे वाटला जातो.

वरचा तुकडा उडाला तर दाढ बऱ्याचदा वाचवता येते. पण तडा मुळापर्यंत उतरला, तर ती काढण्यावाचून पर्याय राहत नाही. मग रूट कॅनालचे पैसेही वाया जातात आणि पुढे ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च कॅपपेक्षा कितीतरी जास्त येतो. शिवाय नस काढलेली असल्यामुळे थंड-गरम लागण्याचा नेहमीचा इशाराही मिळत नाही.

आधी एक गोष्ट बघा. तुमच्या दाढेत अजून तात्पुरतं सिमेंट असेल, तर ते लवकरात लवकर बदलून पक्कं करून घ्या. तात्पुरतं सिमेंट झिजतं, त्याच्या कडेनं लाळ आत झिरपते आणि साफ केलेल्या मुळांत पुन्हा संसर्ग होऊ शकतो. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक काही चावू नका. खर्चाची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते हप्त्यांत पैसे घेतील का किंवा स्वस्तातली धातूची कॅप चालेल का, हे विचारा. तुमच्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. स्कूटीवरून पडल्यामुळे तिच्या वरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनाल करावं लागलं. डॉक्टर म्हणतात, फिलिंग पुरेसं आहे. शेजारच्या काकू म्हणतात, कॅप नसेल तर दात तुटेल. दात थोडा काळसरही पडलाय. काय करावं?

उत्तर : इथे डॉक्टरांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पुढचे दात घास तोडतात, दळत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर दाढांइतका जोर येत नाही. दात फारसा तुटलेला नसेल आणि मागच्या बाजूला फक्त छोटं भोक असेल, तर ते दातांच्या रंगाच्या फिलिंगनं बंद करणं पुरतं. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो. धडधाकट दात विनाकारण घासला तर तो उलट कमजोर होतो.

काळसरपणासाठी दाताच्या आतून ब्लीचिंग करता येतं. त्यानं फरक पडला नाही, तर व्हिनियरचा विचार करता येईल. मात्र दाताचा मोठा तुकडाच उडाला असेल, तर पुढच्या दातालाही कॅप लागू शकते.

प्रश्न : सासूबाईंच्या शेवटच्या दाढेवर कॅप बसवायची आहे. दवाखान्यात तीन-चार प्रकार आणि वेगवेगळे दर सांगितले. स्वस्त कॅप घेतली तर काही नुकसान आहे का?

उत्तर : हसताना शेवटची दाढ दिसत नाही, तेव्हा तिथे धातूची कॅप अगदी चालते. ती मजबूत असते आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. आत धातू आणि वर सिरॅमिक असलेली कॅप दातासारखी दिसते, पण तिचा वरचा थर कधीकधी उडतो आणि काही वर्षांनी हिरडीजवळ काळी रेघ दिसू लागते. झिरकोनियाची कॅप मजबूतही असते आणि दातांच्या रंगाचीही, पण महाग पडते.

कॅपची कड दातावर नीट बसली आहे ना, याला मटेरियलइतकंच महत्त्व आहे. बसवल्यावर ती उंच वाटली किंवा चावताना दुखलं, तर ‘होईल सवय’ म्हणून गप्प बसू नका, परत जाऊन दाखवा. आणि कॅपला कीड लागत नसली तरी तिच्या खालच्या दाताला लागते. म्हणून हिरडीलगत ब्रश आणि फ्लॉस रोज हवंच.

प्रश्न : माझ्या ७ वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल झालं. डॉक्टर स्टीलची कॅप बसवायला सांगताहेत. जो दात पडणारच आहे, त्यावर खर्च कशाला?

उत्तर : दुधाच्या दाढा साधारण ९ ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या मुलाला ती दाढ अजून काही वर्षं लागणार आहे. ती मध्येच तुटून काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा कायमचा दात वाकडा येऊ शकतो. स्टीलची कॅप तयार मिळते, साधारणपणे एकाच भेटीत बसते आणि दाढ पडते तेव्हा तीही सोबत पडते. त्यामुळे ती बसवून घेणंच योग्य ठरेल.