मंगनीआधी रक्ताचा रिपोर्ट

श्रीगोंद्यात रिश्ता जुळवताना आपण घराणं, शिक्षण, नोकरी सगळं विचारतो. रक्ताचं कोणी विचारत नाही. थॅलेसेमियाचा वाहक स्वतः ठणठणीत असतो. दोघेही वाहक निघाले तर मात्र दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. मग जन्मभर, दर तीन-चार आठवड्यांनी, रक्त चढवणं. मामे-मावस नात्यात हा धोका वाढतो. असा निकाह जायज आहे, सक्तीचा नाही. इराणमध्ये 1997 पासून लग्नाआधी ही तपासणी होते. आपल्याकडे 2025 मध्ये 10,000 भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली झाली. कोणत्या समाजात कोणता दोष, हे हळूहळू कळेल. तोवर जमातीने जुम्म्याला एवढं सांगावं: एचबीए-टू तपासणी मंगनीआधी करा, मुलाचीही. मंगनीनंतर रिपोर्ट आला की बोट मुलीकडेच जातं, हे आम्हाला ठाऊक आहे.