दात फक्त बाजारातच बघायचे का?



चाकणच्या बैलबाजारात सौदा करताना आपण पहिलं जनावराचं तोंड उघडतो. आदत, दुसा, चौसा का जुळलेला, यावर किंमत ठरते. वरच्या जबड्याला पुढं दात नसतात, खाली ८ असतात आणि ते जोडीजोडीनं बदलतात. साधारण २ वर्षांच्या पुढं पहिली जोडी, ४-५ वर्षांपर्यंत चौथी. देशी जनावरात थोडं मागंपुढं. हे गणित आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे. पण जनावर एकदा दावणीला आलं की त्याचे दात परत कोण बघतं?

मोशी-चिखलीच्या सोसायटीत कुणी कुत्र्याचे दात घासताना दिसलं की आपण हसतो. माझं म्हणणं, हसू नका. बैलाला ब्रश लागत नाही, पण लक्ष लागतंच.

पुढचे दात वय सांगतात, पण जनावर जगतं मागच्या दाढांवर. रवंथ तिथंच होतो. दाढ झिजली, हलली, किडली की चारा नीट दळला जात नाही. जनावर खंगलं की आपण आधी जंताचं औषध देतो, मग पेंड वाढवतो. पैसा जातो, अंग काही भरत नाही.

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा एवढं बघा:
– गव्हाणीत अर्धवट चावलेले बोळे पडतात का?
– एकाच बाजूनं चावतंय का? तोंडाला घाण वास येतो का?
– शेणात लांब काड्या दिसतात का?
– जबड्यावर कडक, न हलणारी गाठ आहे का? काट्यानं किंवा टोकदार काडीनं तोंडात जखम झाली की तिथून जंतू हाडात शिरतात. लवकर उपचार केला तर गाठ थांबू शकते, पण फुगलेलं हाड सहसा पूर्ववत होत नाही.

म्हाताऱ्या बैलाला अख्खा कडबा टाकू नका. बारीक कुट्टी करा, भरडा भिजवून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाळ गळतेय, गिळता येत नाही, म्हणजे दातच दुखतोय किंवा घशात काही अडकलंय असं धरून तोंडात हात घालू नका. ती लाळ्या-खुरकूत असेल, नाहीतर पिसाळल्याचं लक्षणही असू शकतं. तिथं लाळेतून माणसाच्या जिवावर बेततं. जनावर वेगळं बांधा आणि डॉक्टरला बोलवा. १९६२ हा टोल फ्री नंबर आहेच.

वस्तीवरच्या कुत्र्यालाही हेच लागू. शिजवलेली हाडं टाकू नका, ती चिरफळतात, दात आणि हिरडी दोन्ही जातात. आपली टूथपेस्ट त्याला चालत नाही.

पोळ्याला शिंगं रंगवतो, झूल घालतो, ते करायलाच पाहिजे. पण बैलाला वर्षभर नीट चावून खाता आलं पाहिजे, खरी सेवा ती.

तुमच्याकडं म्हाताऱ्या बैलाला काय चारता? खाली लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.