आधी आवाज, मग बाराखडी

पहिलीत आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी आणि शेवटी शब्द, हा क्रम बदलायला हवा. त्यातून पाठांतर होते. वाचन येतेच असे नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. याची कारणे अनेक आहेत. पण अक्षर आणि आवाज यांचे कच्चे नाते हे शाळेला दुरुस्त करता येण्याजोगे कारण आहे. म, क, र, ल आणि काना एवढेच शिकवले, तरी मूल ‘मामा’, ‘काका’, ‘कमाल’ स्वतः वाचते. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मोजक्या अक्षरगटांची अशीच पद्धत रुजवली.

मराठी उच्चारानुसार लिहिली जाते, मग वेगळे काय शिकवायचे, असा आक्षेप येतो. पण ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतला ‘च’ही एकसारखा नाही. हे मुलाला आपोआप उमगत नाही. आवाजांवर भर दिल्याने अर्थ हरवेल, ही भीतीही अनाठायी आहे. गोष्टी आणि गप्पा रोज हव्यातच. मात्र शब्द उलगडता आला नाही, तर पुस्तकातला अर्थ मुलापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून पहिलीच्या शिक्षकांना या पद्धतीचे प्रशिक्षण आणि वर्गात त्यासाठी रोजचा वेळ द्या.