फरीदीचा विनोद कोणी केला?

माझ्या नानांना दोन व्यसनं होती. एक पान, दुसरं इब्ने सफी. पान डॉक्टरांनी सोडवलं, इब्ने सफी मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. सोलापूरच्या आमच्या घरात एका लोखंडी पेटीत ‘जासूसी दुनिया’ची पुस्तकं असत. कव्हरं फाटलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. मी मराठी शाळेत जाणारी. अरबी अक्षरं कुराणापुरती येत होती, पण जेर-जबर नसलेल्या उर्दूच्या त्या ओळी काही केल्या सुटत नसत. मग लाईट गेली की नाना सांगत आणि आम्ही सगळी मुलं ऐकत असू. कर्नल फरीदी शांत आणि तल्लख, कॅप्टन हमीद खोडकर. अंधारात नानांचा आवाज खाली आला की समजायचं, आता खून होणार.

अब्बांची आवड वेगळी होती. ते वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणत आणि नारायण धारपांच्या भयकथा आमच्यापासून लपवून ठेवत. अर्थात आम्ही त्या शोधून काढायचोच. १९९३ साली दूरदर्शनवर रजित कपूरचा ब्योमकेश बक्षी आला, त्याच सुमारास ‘अलिफ लैला’ही. सगळं घर एका टीव्हीपुढे बसे. झुंजार, फरीदी, ब्योमकेश, सिंदबाद यांच्यात आम्हाला काही भेद वाटत नव्हता. सगळे आपलेच होते.

मग एकदा रद्दीवाल्याकडे हिंदीतली एक जुनी जासूसी कादंबरी मिळाली. लेखक इब्ने सफी! मी धावत घरी आले. वाचू लागले तर नायक कर्नल विनोद, मदतनीस कॅप्टन हमीद. नानांना विचारलं, तर ते आधी हसले आणि मग गप्प झाले. म्हणाले, “अगे, ये विनोद-बिनोद कोई नै. ये अपना फरीदी है.”

पुढे कळलं ते असं. इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. जन्म १९२८चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. मार्च १९५२मध्ये अलाहाबादेत ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली आणि त्याच वर्षी तो कराचीला गेला. १९५५पासून ‘इमरान सीरिज’ आली. सव्वादोनशेच्या वर कादंबऱ्या लिहून १९८०मध्ये तो वारला. लिहिणारा कराचीत, पण पुस्तकं अलाहाबादेतही छापली जात, आणि वाचणारे दोन्हीकडे. तीन वर्षांच्या मानसिक आजारानंतर १९६३मध्ये त्याची कादंबरी आली, तेव्हा तिचं भारतातलं प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं. आणि हिंदीत येताना फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला.

त्या काळी प्रकाशकाने विक्रीचा विचार केला असेल. त्यात कट होता असं मी म्हणत नाही. पण मला टोचतं ते हे, की मदतनीस मुसलमान चालतो, नायक चालणार नाही, हे कोणी तरी न बोलता गृहीत धरलं. आणि ते गृहीत आजही गेलेलं नाही. आजच्या थरारक सिनेमात आणि वेब सीरिजमध्ये आपण बहुतेक वेळा दोनच ठिकाणी भेटतो. एक तर बॉम्ब ठेवणारा, नाही तर तो बॉम्ब निकामी करताना जीव देऊन आपली निष्ठा सिद्ध करणारा. फरीदीला असं काही सिद्ध करावं लागत नव्हतं. तो पुरावा शोधायचा, गुन्हेगार कायद्याच्या हवाली करायचा आणि आपल्या घरी जायचा. त्याचं मुसलमान असणं हा कथेचा विषयच नव्हता. नानांना तो का प्रिय होता, हे मला आता कळतं.

तुमच्यातले काही म्हणतील, हे टाईमपास साहित्य, त्याचं काय एवढं? घरात वडीलधारे याला खुराफात म्हणत, शाळेतले सर रद्दी म्हणत. मला तसं वाटत नाही. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय तोच गुन्हेगार असतो असं नाही, हे मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी रहस्यकथेत शिकले. ज्या समाजाकडे संशयाने पाहिलं जातं, त्याच्या मुलांना ही शिकवण फार उपयोगी आहे.

आठवणींनी आंधळं होण्याचंही कारण नाही. त्या कथांत बायका बहुधा मोहिनी, नाही तर बळी. आमच्या घरात मामू बिनधास्त वाचायचे, पण अम्मी लग्नाआधी ही पुस्तकं उशीखाली लपवून वाचायची. गुन्हा उकलणारी सलमा किंवा रुखसाना मला नानांच्या पेटीत सापडली नाही, अब्बांच्या वाचनालयातही नाही.

म्हणूनच हे लिहिते आहे. आपली पिढी घरात दखनी बोलते आणि मराठीत विचार करते. मराठीत रहस्यकथेची जुनी, दणकट परंपरा आहे. एकट्या अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्या परंपरेवर आपलाही हक्क आहे. मालेगावच्या यंत्रमागाच्या गल्लीत घडणारी, मिरजेच्या सतारमेकरांच्या वस्तीत उलगडणारी, कोकणातल्या एखाद्या मोहल्ल्यात गल्फहून आलेल्या पैशाभोवती फिरणारी रहस्यकथा कोण लिहिणार? बाहेरचा लिहील तेव्हा ती वस्ती संशयित म्हणूनच येण्याची भीती आहे. आपण लिहू तेव्हा तिथला इन्स्पेक्टर, वकील, पत्रकार, खुनी आणि बावळट शेजारी, सगळे आपलेच असतील. खुनीसुद्धा. त्याला घाबरू नका. ज्या कथेत आपल्यातला कोणीच वाईट नसतो, ती कोणी वाचत नाही.

नाना गेले. पेटी माझ्याकडे आहे. चाळिशीत मी उर्दू वाचायला शिकते आहे, पानाला अर्धा तास लागतो. परवा पहिल्यांदा एक प्रकरण कोणाच्या मदतीशिवाय संपवलं. तिथे फरीदी फरीदीच होता. आता तो मराठीतही त्याच्या नावाने यावा, एवढीच इच्छा आहे. आणि सोबत एखादी रुखसाना यावी, जी त्याच्याही आधी खुनी ओळखेल.