सतरा अक्षरांचा हिशेब

हायकू म्हणजे पाच-सात-पाच अशा सतरा अक्षरांची त्रिपदी, ही व्याख्या मराठी समीक्षेने एकदाची टाकून द्यावी. जपानीत मोजले जाते ते अक्षर नव्हे, तर ‘ओन’ हे उच्चारकालाचे एकक. ‘तोक्यो’ हे नाव मराठी कान दोन अक्षरांत आटोपतो. त्यातील दोन्ही स्वर जपानीत दीर्घ असल्याने तेथे चार ओन भरतात. तुलना करायचीच तर ती मात्रावृत्ताशी करावी, अक्षरछंदाशी नव्हे.

खुद्द बाशोने (१६४४-१६९४) कावळ्यावरील रचनेत मधली ओळ सातापलीकडे नेली, म्हणून ती कोणी परंपरेबाहेर काढली नाही. त्याच्या काळी हा ‘होक्कू’ होता, साखळीकाव्याची पहिली कडी. ‘हायकू’ हे नाव शिकीने १८९०च्या दशकात रूढ केले. कडी एकटी उभी राहावी म्हणून तिला ऋतुसूचक ‘किगो’ लागे आणि छेद देणारा ‘किरेजी’. खरा पेच या छेदाचा आहे. मराठीत तो कशाने साधायचा? क्रियापदाच्या लोपाने, अव्ययाने, की नुसत्या विरामाने? शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवल्यावर आलेल्या अनुकरणाच्या पिकाला हा प्रश्न क्वचितच पडला. सतरा अक्षरे चोख भरून तिसऱ्या ओळीत ‘जणू’ योजणाऱ्याने तीन तुकड्यांत कापलेली उत्प्रेक्षा तेवढी लिहिलेली असते.