‘मुक्त’ म्हणजे अस्वामिक नव्हे

अनेकांनी मिळून लिहिलेली, कोणासही बदलता येणारी संहिता निर्लेखक असते आणि म्हणून ती कोणाच्याच मालकीची नसते, हा समज आता सिद्धान्ताच्या थाटात मांडला जातो. समर्थनार्थ रोलां बार्थच्या १९६७ मधील निबंधातला लेखकाचा मृत्यू पुढे केला जातो. परंतु बार्थने लेखकाकडून काढून घेतला तो अर्थावरील अधिकार, स्वामित्वहक्क नव्हे.

वस्तुतः मुक्त सॉफ्टवेअर असो वा विकिपीडिया, तेथे लेखक मालकच राहतो. ‘बदला, वाटा, पण पुढच्यालाही तेवढीच मोकळीक द्या’ ही अट त्याच्या स्वामित्वहक्काच्या बळावरच टिकते. लिनक्सच्या गाभ्यावर हजारो लेखकांचा हक्क आहे आणि तो परवान्याच्या केवळ दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेला आहे. त्यामुळे त्यांच्या संमतीवाचून परवाना बदलणे जवळजवळ अशक्य ठरते.

२००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची स्थिती निराळी होती. तेथील ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्यास ‘किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ अशी पुस्ती होती. नोव्हेंबर २००८ मध्ये निघालेल्या १.३ या आवृत्तीने १ ऑगस्ट २००९ पूर्वी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याकडे वळण्याची मुभा दिली. सर्व भाषांतील लेखकांचे एकत्र मतदान झाले. सतरा हजारांवर मतांपैकी सुमारे ७६ टक्के अनुकूल पडली आणि जून २००९ मध्ये मराठी लेखांचाही परवाना बदलला. व्यवहारतः हे इष्टच होते, कारण जुन्या परवान्याची संपूर्ण प्रत प्रत्येक पुनर्मुद्रणास जोडावी लागे. पण ज्याने विरोधी मत दिले, किंवा मतच दिले नाही, त्याच्याही ओळी नव्या परवान्याखाली गेल्या. त्याची संमती त्या पुस्तीत आधीच गृहीत होती. आणि परवान्याचा अधिकृत पाठ तर केवळ इंग्रजीत होता.

मराठी परंपरेस असा विवेक अपरिचित नाही. अभंग कोणीही गावा, उतरून घ्यावा. नाममुद्रा मात्र राखावी. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांनी तीत नवी ओवी न घालण्याची ताकीद दिली. कायद्याचे बळ नसतानाही श्रेय आणि फेरफार यांत येथे भेद केला गेला.

ओवीच्या पाठभेदांवर पाने खर्च करणाऱ्या समीक्षेने परवान्याचे कलमही संहिता म्हणून वाचले पाहिजे. लेखक मृत ठरवला की त्याची संमती विचारण्याची गरज उरत नाही. मुक्ततेच्या नावाने ही सोय पत्करणारा सिद्धान्त मुक्ततेचाच पाया काढून घेतो.